सहा मिलिमीटरांची वीण

गाळप हंगामात अंकुशनगरला ऊस अख्खा आत जातो आणि भुगा होऊन बाहेर पडतो. समर्थ सहकारी साखर कारखान्याच्या गव्हाणीत पडलेली मोळी आधी सुऱ्यांखाली तुटते, मग ठेचली जाते, मग तीन-तीन रोलरच्या मिलमधून एकामागून एक पिळली जाते. शेवटच्या मिलमधून जो बगॅस बाहेर येतो, तो उसाच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के असतो आणि त्याच्या निम्मं अजूनही पाणीच असतं. तिथला हिशोब सरळ आहे. उसाच्या पेशी जितक्या जास्त फुटतील, तितका रस जास्त. धागा तुटला तर कुणाचं काही बिघडत नाही, तो शेवटी बॉयलरमध्येच जायचा असतो.

आपल्या जालना जिल्ह्याला रोलरचं अप्रूप नाही. जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये लालभडक पोलाद रोलरमधून ओढलं जाऊन सळई होतं, आणि अंबड तालुक्यात ऊस पिळला जातो. पण रोलरमधून जाणारी एक तिसरी वस्तू आहे, जी इथे दिसत नाही. ती पाहायला चेन्नई-कानपूरकडे जावं लागतं. ती म्हणजे कातडं. ओलं, कमावलेलं कातडं जाड लोकर लावलेल्या दोन रोलरमधून पिळून काढतात आणि त्यातही शेवटी साधारण निम्मंच पाणी ठेवतात. बगॅस आणि कातडं, दोन्ही रोलरमधून बाहेर पडतात तेव्हा निम्मी ओली असतात. पण कातड्यातला एकही धागा विनाकारण तुटता कामा नये. कातडं कापायचं, खरवडायचं, आपटायचं, ताणायचं, दाबायचं, हे सगळं करायचं आणि तरी त्याची वीण शाबूत ठेवायची. ही वीण किती बारीक आहे हे आकड्यांत मांडू लागलं, की चामड्याच्या साध्या चपलेकडे पाहण्याची नजर पार बदलते.

म्हशीच्या एका कातड्यापासून सुरुवात करू. ओलं वजन ३० किलो धरा. त्यात सर्वात जास्त पाणी, साठ टक्क्यांच्या वर. कोलॅजन नावाचं प्रथिन ३० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ९ किलो. चामडं व्हायचं ते या ९ किलोंचं. बाकी केस, चरबी, मांसाचे पापुद्रे आणि पाणी वाटेत गळून जातात.

कोलॅजनचा एक रेणू ३०० नॅनोमीटर लांब आणि दीड नॅनोमीटर जाड असतो. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. लांबी जाडीच्या दोनशे पट. हा रेणू म्हणजे ३ सेंटिमीटर जाडीचा ऊस मानला, तर तो ६ मीटर उंच होईल. आणि तो एकच कांडकं नसतो, तीन साखळ्या एकमेकींभोवती पिळून झालेला तिपेडी दोर असतो. प्रत्येक साखळीत हजाराच्या आसपास अमिनो आम्लं, आणि त्यात दर तिसरं ग्लायसिन. तीन पेड जिथे मधोमध एकत्र येतात तिथे जागा इतकी अपुरी असते, की सर्वात लहान अमिनो आम्लच तिथे मावतं.

ही तिपेडी रचना आपल्याच देशात उलगडली. १९५४ मध्ये मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी ती मांडली. त्यासाठी लागलेलं शुद्ध कोलॅजन कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेचं होतं आणि ते मिळवून दिलं होतं मद्रासच्याच केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने. ही संस्था १९४८ साली सुरू झाली होती. कातडं कमावण्याच्या धंद्याला मदत म्हणून उभी राहिलेली संस्था जीवशास्त्राच्या एका मोठ्या शोधाला कच्चा माल पुरवते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. दोर वळणाऱ्या कुणालाही ती रचना एका नजरेत कळली असती. पेड एका दिशेने पिळलेला, दोर उलट्या दिशेने वळलेला. ओढला की पेड एकमेकांना आणखी घट्ट धरतात. कोलॅजनची साखळीही तशीच, एक पीळ डावा तर दुसरा उजवा.

आता ते ९ किलो मोजू. रेणूचं वजन माहीत असल्यामुळे संख्या काढता येते: १८ वर २१ शून्यं, इतके रेणू एका म्हशीच्या कातड्यात असतात. ते एकामागून एक टोकाला टोक लावून मांडले, तर लांबी भरेल सुमारे ५ लाख ४० हजार कोटी किलोमीटर. पृथ्वीपासून सूर्य १५ कोटी किलोमीटरवर आहे. म्हणजे त्या अंतराच्या ३६ हजार पट. सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सव्वाआठ मिनिटं लागतात. या एका कातड्याच्या दोराच्या एका टोकाला दिवा लावला, तर दुसऱ्या टोकाला उजेड पोचायला जवळजवळ सात महिने लागतील. दिवाळीत लावलेली पणती दिसेल ती पुढच्या ज्येष्ठात.

मी हा हिशोब तीनदा केला. चौथ्यांदाही तोच आकडा आला.

अर्थात रेणू सुटे नसतात. तीन-चार हजार रेणूंची एक मोळी होते, तिला तंतुक म्हणतात. जाडी नॅनोमीटरमध्ये शंभराच्या आगेमागे. हजारो तंतुकांचा एक तंतू, अनेक तंतूंचा एक जुडगा, आणि असे जुडगे कातड्यात आडवे-तिरपे, वर-खाली एकमेकांतून जात विणलेले. कापडासारखा ताणा-बाणा इथे नसतो, कारण ही वीण तिन्ही दिशांना असते आणि तिला सुटं टोक सापडत नाही. म्हणूनच कापड एका धाग्यावर उसवत जातं, पण चामड्याला भोक पडलं तरी ते उसवत नाही.

उसाची उपमा पुढे नेऊ. रेणू ३ सेंटिमीटर जाडीचा ऊस धरला, तर तंतुक ही २ मीटर जाडीची मोळी होते आणि एक मोठा जुडगा २ किलोमीटर जाडीचा. मग म्हशीच्या कातड्याची ६ मिलिमीटर जाडी किती होईल? १२० किलोमीटर. जालन्याहून छत्रपती संभाजीनगरला जाऊन परत यावं, इतकी. आणि अडीच मीटर लांबीचं ते कातडं पृथ्वीला वेढा घालून १० हजार किलोमीटर उरेल. हे माप मनात असू द्या, कारण कातड्यावर चालणारी सगळी यंत्रं या उसाच्या फडातून जायची आहेत.

मराठीत कातडं ‘कमावतात’. पैसा कमवावा, शरीर कमवावं, तसं. कच्चं कातडं ठेवलं तर सडतं आणि वाळवलं तर लाकडासारखं कडक होतं. कमावलं, की मऊ राहतं आणि टिकतं. आपण समजतो की हे सगळं सालीचं आणि रसायनांचं काम आहे. साल, हिरडा, चुना, आता क्रोमियम, हे सगळं लागतंच. पण १२० किलोमीटर जाडीच्या त्या जंगलात हिरड्याचा अर्क पोचवायचा कुणी? नुसतं भिजत ठेवलं तर महिने लागतात. बाहेरचा थर आधी कमावला जातो, घट्ट होतो आणि आतल्याची वाट अडवतो. आत घुसण्यासाठी ढकलावं लागतं, आणि ढकलणं हे यंत्राचं काम आहे, मग ते यंत्र विजेचं असो वा गुरुत्वाकर्षणाचं.

कोल्हापूर भागात ढोर समाजाने पिढ्यान्‌पिढ्या वापरलेली पद्धत गुरुत्वाकर्षणाची आहे. चुन्यातून काढून केस आणि मांस खरवडलेलं कातडं कडेने शिवून त्याची पिशवी करायची. ती टांगायची. आत बाभळीच्या सालीचा आणि हिरड्याचा काढा भरायचा. बाभळीच्या सालीत टॅनिन साधारण १२ ते १८ टक्के, हिरड्यात ३० टक्क्यांच्या आसपास. काढा कातड्याच्या छिद्रांतून हळूहळू पाझरत बाहेर येतो, खाली गोळा होतो, तोच पुन्हा आत ओततात. काही दिवसांनी पिशवी उलटी करून पुन्हा टांगायची, म्हणजे वरचा भाग खाली येतो.

यातलं बळ मोजता येतं. काढ्याची उंची दीड मीटर धरली, तर पिशवीच्या तळाशी दर चौरस सेंटिमीटरला दीडशे ग्रॅम दाब येतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण एका चौरस फुटाला तो १४० किलो होतो, म्हणजे दोन धडधाकट माणसं त्या फूटभर जागेवर उभी, आणि तीही दिवसच्या दिवस, रात्रीसुद्धा. हा दाब कातड्याच्या आरपार एकाच दिशेने काम करतो. तंतू कुठे घासला जात नाही, कुठे आपटला जात नाही. या चामड्याचा तळवा पायाखाली वर्षानुवर्षं का टिकतो, याचं निम्मं उत्तर त्या टांगलेल्या पिशवीत आहे असं मला वाटतं.

विजेवर चालणारं यंत्र म्हणजे ड्रम. लाकडी पिंप, तीन मीटर व्यासाचं, आडवं फिरणारं, आतून खुंट्या ठोकलेल्या. फिरताना खुंटी कातडं वर उचलते आणि वरून खाली टाकते. पडताना कातडं दुमडतं, पिळलं जातं, आतलं पाणी बाहेर आणि बाहेरचं आत जातं. स्पंज दाबावा आणि सोडावा तसं. कमावताना ड्रम मिनिटाला १० फेरे घेतो असं धरू. दहा तासांत ६ हजार फेरे. दर फेऱ्याला कातडं सोयीसाठी दीड मीटर पडतं असं मानलं, तर एका पाळीत ते ९ किलोमीटर पडतं. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर; तिच्या साडेपाच पट. ३० किलोच्या त्या कातड्याने एवढ्या आपटण्यात जी ऊर्जा झेलली, ती वीजबिलाच्या भाषेत पाऊण युनिट. एका कातड्यामागे फक्त पाऊण युनिट, पण हाताने चोपून आणि पायाने तुडवून तेवढी द्यायची, तर एका माणसाचा दिवसही पुरायचा नाही.

मग ड्रम आणखी जोरात का फिरवत नाहीत? हिशोब भौतिकशास्त्राचा आहे. पाण्याची बादली हातात धरून गरगरा फिरवली तर डोक्यावर आली तरी पाणी सांडत नाही. तीन मीटरच्या ड्रममध्ये मिनिटाला २४ फेरे झाले की कातड्याचं तेच होतं. ते भिंतीला चिकटून बसतं, पडतच नाही. ड्रम वेगाने फिरतो आणि आत काहीच घडत नाही. म्हणून त्याच्या निम्म्याहूनही कमी वेग ठेवतात. चुन्यात भिजताना तर मिनिटाला दोन-तीन फेरेच, कारण चुन्याने कातडं फुगलेलं असतं आणि त्याचा दाणेदार पृष्ठभाग त्या वेळी इतका नाजूक होतो, की कातड्याला कातडं घासलं तरी ओरखडा उठतो. तो ओरखडा पुढे कोणत्याही रंगाने झाकत नाही.

आणखी एक गोष्ट, जी आकड्यात नीट बसत नाही पण हाताला लगेच कळते. सगळं कातडं सारखं नसतं. पाठीकडची वीण घट्ट, पोटाकडची आणि खाकेची ढिली. ड्रम दोघांना सारखंच आपटतो. पाठीला पुरेसं झालं की पोटाला जास्त झालेलं असतं, आणि पोटाकडचा वरचा थर खालच्यापासून सुटून सुरकुततो. म्हणून चपलेचा तळ पाठीतून कापायचा असतो, हे चर्मकाराच्या घरात पोराला अक्षरओळखीच्या आधी कळतं.

आता सुऱ्यांकडे. मांस आणि चरबी खरवडण्याचं काम पूर्वी लाकडाच्या गोल ओंडक्यावर कातडं पसरून, दोन मुठींच्या वाकड्या सुरीने होत असे. यंत्रात त्याच सुरीच्या जागी पाती बसवलेला दंडगोल असतो. पाती मधोमध सुरू होऊन एक डावीकडे आणि एक उजवीकडे अशी मळसूत्रासारखी गेलेली, म्हणजे ती खरवडता खरवडता कातडं दोन्ही बाजूंना पसरवत नेतात. हिशोबासाठी दंडगोल पाव मीटर व्यासाचा, १६ पात्यांचा आणि मिनिटाला १,५०० फेऱ्यांचा धरा. पात्याची धार ताशी ७० किलोमीटरने धावते. सेकंदाला ४०० पाती कातड्यावरून जातात. कातडं मिनिटाला २० मीटर सरकत असेल, तर दोन फटक्यांमध्ये ते एक मिलिमीटरसुद्धा सरकत नाही. अडीच मीटरचं कातडं साडेसात सेकंदांत पार आणि त्याच्यावर तीन हजार फटके. चरबीचा थर राहिला तर तिथे चुना आणि काढा शिरत नाही. पातं जरा खोल गेलं तर विणीत खोच पडते, आणि खोच पडलेला जुडगा पुन्हा जोडता येत नाही.

याहून अवघड काम चिरण्याचं. सहा मिलिमीटरचं कातडं तळव्याला ठीक, पण बुटाच्या वरच्या भागाला सव्वा मिलिमीटर पुरतं. तेव्हा ते आडवं चिरतात, पोळीचे पदर सोडवावेत तसं. दोन चाकांवर अखंड फिरणारी पोलादी पट्टी, तिच्या कडेला धार, आणि तिच्यात कातडं सरकवायचं. पट्टीच्या वरून एक थर जातो, खालून दुसरा. वरच्या थराला केसांच्या छिद्रांची नक्षी असते, तोच मौल्यवान. पण बळ तिथे नसतं. वरच्या दाण्याच्या थरात तंतू फार बारीक असतात. खरे जाड जुडगे त्याच्या खालच्या थरात, म्हणजे जाळीत. गाय-म्हशीच्या कातड्यात दाण्याचा थर मिलिमीटरभर भरू शकतो. तेव्हा सहापैकी सव्वा मिलिमीटर ठेवलं म्हणजे बळही तेवढ्याच प्रमाणात राहिलं असं होत नाही, त्याहून कितीतरी कमी राहतं, कारण जे ठेवलं त्यात बहुतेक दाणा आणि जाळी नावालाच. सव्वाचं दीड केलं तर ती पाव मिलिमीटरची भर सगळी जाळीची असते. पैसा वसूल होतो तो त्या पाव मिलिमीटरमध्ये.

शेळीच्या कातड्याला ही कटकट नाही. ते मुळातच मिलिमीटर-दीड मिलिमीटरचं, जन्मतःच मापाचं. चपलेच्या बारीक वेण्या आणि पट्ट्या त्याच्या करतात याला हे कारण आहे.

चिरल्यावर तासणी. पुन्हा पात्यांचा दंडगोल, पण आता मोजमाप दहाव्या हिश्श्याचं. चांगलं यंत्र ०.१ मिलिमीटरच्या आत जाडी सारखी करतं. वहीचं एक पान तेवढ्या जाडीचं असतं. आपल्या उसाच्या मापात ते २ किलोमीटर, म्हणजे एक जुडगा. यंत्र इतकं अचूक, की त्याची चूक एका जुडग्याएवढी. आणि वर धार बोथट झाली तर घर्षणाने कातडं तापतं. कच्चं कोलॅजन ६० ते ६५ अंशांना आक्रसतं. तिपेडी दोर उलगडतो आणि जिलेटीन व्हायच्या वाटेला लागतो. वनस्पतीच्या सालीने कमावलेलं ७५ ते ८५ अंशांपर्यंत तग धरतं, क्रोमचं तर उकळत्या पाण्यातही. म्हणून कमावण्याआधीचं कातडं यंत्राखाली घालताना थंड पाणी सोडत राहायचं असतं.

०.१ मिलिमीटर ही क्षुल्लक गोष्ट वाटत असेल तर देशाचा हिशोब करू. भारतात वर्षाला सुमारे ३०० कोटी चौरस फूट चामडं तयार होतं, असा या उद्योगाचा नेहमीचा आकडा आहे. ते २७९ चौरस किलोमीटर भरतं. पैठणचा नाथसागर पूर्ण भरल्यावर त्याचा पसारा साधारण ३५० चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या डाव्या कालव्याला पाणी देणाऱ्या त्या अख्ख्या जलाशयाचा पाचातला चार भाग एका वर्षाच्या चामड्याने झाकला जाईल. त्या सगळ्यावरून वहीच्या पानाएवढा एकच पापुद्रा जास्त तासला गेला, तर २८ हजार घनमीटर भुसा. दहा घनमीटरचे २,८०० डंपर.

उलटही होतं. चामडं चौरस फुटावर विकलं जातं, म्हणून ओलं असताना चौकटीला चिमट्यांनी ताणून वाळवलं, की क्षेत्र वाढतं. देशभरात एक टक्का वाढलं तर ३ कोटी चौरस फूट, म्हणजे पावणेतीन चौरस किलोमीटरच्या वर. धारावी, जिथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कातडी कमावली गेली आणि आज बॅगा-पाकिटं शिवली जातात, ती सगळी वस्ती अडीच चौरस किलोमीटरच्या आत मावते. एका टक्क्याच्या ताणात एक धारावी. पण हे क्षेत्र कुठून आलं? वीण उभी होती ती आडवी झाली, जुडग्यांचा कोन पडला. चामडं पातळ झालं, कडक झालं, आणि पुढे घामाने भिजलं की ते आपल्या जुन्या मापाकडे परत जायला बघतं. बूट आक्रसतो तो असा. माझ्या मते या धंद्यातला सर्वात मोठा मोह हा एक टक्का आहे, आणि जो त्यात पडत नाही तो खरा कसबी.

वाळताना जुडगे एकमेकांना चिकटतात. मग त्यांना सोडवायला बोथट खिळ्यांच्या दोन फळ्या वर-खाली हलत चामडं दाबून वाकवतात, मिनिटाला शेकडो वेळा. पूर्वी तेच चामडं बोथट धारेवरून हाताने ओढत असत. शेवटी दाबयंत्र. तापलेल्या पोलादी पाट्याखाली दर चौरस सेंटिमीटरला १०० किलो दाब दिला, तर एका चौरस फुटावर ९३ टन भार येतो. उसाने भरलेले, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले चार-पाच ट्रॅक्टर एका फुटाच्या चौकोनावर उभे करावेत तसा. तोही जेमतेम काही सेकंद, नाहीतर कातडं पुठ्ठा होतं. पिशवीतले १४० किलो आणि इथले ९३ हजार किलो. एकाला दिवस लागतात, दुसऱ्याला श्वास घेण्याएवढा वेळ.

हे सगळं होऊन एक टन खारवलेल्या कातड्यातून हाती येतं २०० ते २५० किलो चामडं. पाणी लागतं ३० ते ४० हजार लिटर. मराठवाड्यात पाण्याचा हिशोब टँकरनेच समजतो, तर एका टनाला तीन टँकर आणि वर थोडं. हा उद्योग आपल्या भागात का वाढला नाही, हे विचारायची गरज उरत नाही.

तरी चामडं आपल्या शिवारात होतंच. विजेचे पंप येण्याआधी इथल्या बागायती विहिरींवर मोट होती आणि ती बहुतेक चामड्याची होती. वर रुंद तोंड, खाली सोंड. बैल धावेवरून उतरू लागले की नाडा मोट वर ओढायचा, थारोळ्यापाशी सोंड उलगडायची आणि पाणी पाटाला लागायचं. दर खेपेला सोंड दुमडते आणि उलगडते. मोटेत दीडशे लिटर आणि दिवसाला २०० खेपा धरल्या, तर रोज ३० हजार लिटर. शंभर दिवसांच्या उन्हाळी पाळ्यांत २० हजार दुमड्या, त्याही दीडशे किलोंच्या ओझ्याखाली, कायम भिजत आणि वाळत. आज बुटाच्या चामड्याची प्रयोगशाळेत चाचणी घेतात ती अशाच दुमडण्याची, हजारोंच्या संख्येत, पण एवढ्या ओझ्याशिवाय.

ती मोट शिवणारे, नाडा वळणारे, मेलेलं जनावर गावाबाहेर ओढणारे आणि त्याचं कातडं सोलणारे लोक गावाने वेशीबाहेर ठेवले. शिवाराला पाणी त्यांच्या हाताने लागलं आणि त्याच पाण्याला हात लावायची त्यांना मुभा नव्हती. १९२७ च्या मार्चमध्ये महाड परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढणं सोडा असं सांगितलं, ते या कामात कसब नाही म्हणून सांगितलं नव्हतं. कसबाची किंमत माणूसपणाने चुकवावी लागत होती, म्हणून सांगितलं. मिलिमीटरचा दहावा भाग अंगठ्याने ओळखणाऱ्या त्या माणसांची नावं कुठल्याही वहीत नोंदलेली नाहीत. यंत्राने जे मोजमाप पोलादात बसवलं, ते आधी त्यांच्या बोटांत होतं. रापीने चामड्याची कड तासताना आजही कोल्हापूरचा कारागीर मापपट्टी काढत नाही.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार, अशा आठ जिल्ह्यांना. तिचा तळ म्हशीच्या जाड कातड्याचा, भिजवून हातोड्याने चोपलेला. चोपताना जुडगे एकमेकांत बसतात, मधल्या फटी मिटतात, आणि तळ झिजायला कठीण होतो.

माझ्याकडे असाच एक जोड आहे. रोज दहा हजार पावलं धरली तर एका पायाची पाच हजार, वर्षाची सव्वाअठरा लाख. इतक्या वेळा तो तळ माझं सगळं वजन घेऊन वाकला आणि सरळ झाला. वर्षाअखेर टाचेची जाडी मोजली. तीन मिलिमीटर कमी भरली. तीन मिलिमीटरला सव्वाअठरा लाखांनी भागलं तर एका पावलाला झीज येते दीड नॅनोमीटरच्या किंचित वर. म्हणजे एका पावलाला, रेणूचा एक थर.